शेवंताबाईची साक्ष

पाळक धनसिंग मास्तर पश्चात्तापावर बोलायला उभे राहिले, की शेवंताबाईची गोष्ट हमखास निघे. एरंडोलकडच्या खेड्यातली शेतकऱ्याची बायको, मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, साथीत जळगावच्या मिशन दवाखान्यात आली आणि शेवटच्या घटकेला आपली पापं कबूल करून प्रभूला शरण गेली. ऐकताना बायकांचे डोळे भरून येत. मग सगळ्यांच्या माना भागाबाईकडे वळत, कारण त्या वेळी शेवंताबाईच्या उशाशी एकटी तीच होती. भागाबाई मान खाली घाली. लोक म्हणत, बाई किती नम्र आहे.

खरं असं होतं, की शेवंताबाईने प्रभूचं नाव घेतलंच नव्हतं.

भागाबाई त्या दवाखान्यातली बायबलबाई. आजारी बायकांच्या खाटेशी बसायचं, त्यांना शुभवर्तमान वाचून दाखवायचं, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, हे तिचं काम. छपन्नाच्या दुष्काळात, म्हणजे एकोणीसशे सालाच्या सुमारास, धुळ्याच्या रस्त्यावर सापडलेली पोर ती. मिशनने तिला वाढवलं, वाचायला शिकवलं. त्या उपकाराची फेड म्हणून आपण काहीतरी करून दाखवावं, असं तिच्या मनाला सारखं लागून असे. पण सहा वर्षांत तिच्या वाचनाने एकही बाई बाप्तिस्म्याला आली नव्हती. दवाखान्याच्या गोऱ्या डॉक्टर मडम कधी रागावल्या नाहीत. संध्याकाळी त्या फक्त विचारत, आज कुणी काही विचारलं का, आणि ती नाही म्हणाली की हसून पुढच्या खाटेकडे जात. ते हसणं तिला रागावण्यापेक्षा जास्त लागे.

एकोणीसशे अठराच्या पावसाळ्याअखेर मानमोडी आली. खाटा पुरेनात, माणसं व्हरांड्यात निजवली. शेवंताबाईला गावातल्या कुणीतरी बैलगाडीतून आणून सोडलं. तिचा नवरा पितांबर घरी तापाने पडलेला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा श्वास घरघरू लागला. भागाबाईने कानाशी वाकून विचारलं, येशूवर विश्वास ठेवतेस ना? शेवंताबाईने डोळे उघडले, आपल्या गावच्या बोलीत दोन शब्द बोलली आणि नाही म्हणून मान हलवून तोंड भिंतीकडे फिरवलं. दुपारच्या आत ती गेली.

मडम आल्या. चार दिवस त्यांनी पाठ टेकली नव्हती. शेवंताबाईच्या तोंडावर पांघरूण ओढत त्या म्हणाल्या, "हीही तशीच गेली ना?"

भागाबाईच्या तोंडून निघून गेलं, "नाही मडम. हिने प्रभूचं नाव घेतलं."

मडमनी तिचे दोन्ही हात धरले आणि त्या रडू लागल्या. ते रडणं पाहिल्यावर शब्द मागे घ्यायची तिची छाती झाली नाही. संध्याकाळी ख्रिस्ती कब्रस्तानात गाणी म्हणून शेवंताबाईला पुरलं.

बारा दिवसांनी पितांबर आला. तापाने पार वाळला होता, भिंतीला धरून चालत होता. बायकोला अग्नी न देता पुरलं कसं, एवढंच त्याने विचारलं. खरं सांगायची ती वेळ होती. पण मडम शेजारी उभ्या होत्या. भागाबाईने तेच पुन्हा सांगितलं, त्याच्या तोंडावर. तो आला तसा भिंत धरत निघून गेला.

दोन वर्षांनी थंडीच्या दिवसांत मिशनचे लोक तंबू घेऊन एरंडोलकडच्या गावांतून प्रचाराला फिरले. भागाबाई बरोबर होती. एका गावी विहिरीवर बायका पाणी भरत होत्या आणि चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी रिकामा हंडा घेऊन लांब बाभळीखाली उभी होती. सगळ्या भरून गेल्या तेव्हा ती पुढे आली. भागाबाईने एका बाईला विचारलं. ती पितांबरची बेबी, बाई सहज म्हणाली. आई मरताना बाटली म्हणून भाऊबंदांनी घर वाळीत टाकलंय. चोपड्याची सोयरीक ठरली होती, तीही मोडली. बाप अजून म्हणतो, माझी बायको असं करणार नाही. पण धर्माचं पुस्तक वाचणारी बाई खोटं कशाला बोलेल?

भागाबाई तंबूत जाऊन पालथी पडली. विचारणाऱ्यांना तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं, हेही खोटंच.

जळगावला परतल्यावर तिने धनसिंग मास्तरांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता, ऐकून त्यांचा चेहरा उतरला. मडमनी ही हकिगत विलायतेला कळवली आहे, मंडळीतल्या कितीजणांचा विश्वास या गोष्टीने वाढला आहे, असं ते बराच वेळ सांगत राहिले. शेवटी म्हणाले, "देवापाशी कबूल करा. तो क्षमा करतो. चारचौघांत सांगून काय साधणार?"

"देवापाशी रोज कबूल करते, मास्तर," भागाबाई म्हणाली. "पण विहिरीवर लांब उभं राहावं लागतं ते त्या पोरीला."

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकर वाटायच्या आधी ती उठली. तिने बाकाची पाठ धरली. मी शेवंताबाईची खोटी साक्ष दिली, ती म्हणाली, आणि पुढचंही सांगितलं. बायकांनी पदर सावरले आणि तिच्या बाजूची जागा हळूहळू मोकळी झाली. मडमनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्या आपल्या हातांकडे पाहत होत्या, दोन वर्षांपूर्वी ज्या हातांनी तिचे हात धरले होते त्या हातांकडे. भाकर तिच्यापर्यंत आली तेव्हा तिने ती घेतली नाही.

बायबलबाईचं काम दुसऱ्याच दिवशी सुटलं. त्या आठवड्यात ती एकटी त्या गावी गेली. चावडीवर भाऊबंदांतले वडीलधारे उखर्डू आबा बसले होते, पितांबरला बोलावून घेतलं होतं. मंडळीसमोर बोलण्यापेक्षा हे कठीण होतं. इथे तिला कुणी बहीण म्हणत नव्हतं.

सगळं ऐकून पितांबरने एकच विचारलं, "मरतांना ती काय बोलनी?"

"माले घर जावानं शे," भागाबाईने सांगितलं, शेवंताबाई बोलली होती तसंच. घरी जायचंय, एवढंच तिचं म्हणणं होतं.

पितांबर मटकन खाली बसला. खालूनच म्हणाला, "हाई सांगाले तुले दोन वरीस लाग्नात?"

उखर्डू आबांनी घसा साफ केला आणि पितांबरचं घर पंगतीला घ्यायचं ठरलं. दर्भाचा पुतळा करून शेवंताबाईला रीतसर अग्नी द्यायचा, हेही ठरलं. भागाबाईला कुणी बस म्हणालं नाही.

चार दिवसांनी पितांबर जळगावला आला. पुतळ्यात घालायला त्याला शेवंताबाईला पुरलं त्या जागेवरची माती हवी होती. भागाबाईने ती जागा दाखवली. उशाशी मिशनने रोवलेला लाकडी क्रूस होता, त्यावर शेवंताबाईचं नाव.

"हाई काढ," तो म्हणाला.

लहानपणापासून ती क्रुसासमोर गुडघे टेकत आली होती. आता त्याच गुडघ्यांवर बसून तिने दोन्ही हातांनी तो हलवला. जमीन कडक होती, वेळ लागला. पितांबर पाहत उभा राहिला, मदतीला आला नाही. क्रूस निघाला तेव्हा त्याने त्या खळग्यातली मूठभर माती उपरण्याच्या टोकाला बांधली आणि स्टेशनच्या वाटेला लागला. हातातल्या क्रुसाचं काय करावं ते तिला कळेना. तो छातीशी धरायची तिला लाज वाटली, जमिनीवर ठेवायचीही वाटली.

अंजनी नदीच्या काठी अग्नी दिल्याचं आणि वैशाखात बेबीचं लग्न झाल्याचं तिला दवाखान्यात आलेल्या बायकांकडून कळलं. मडमनी तिला चादरी धुवायच्या कामावर ठेवून घेतलं होतं. देवाने आपल्याला क्षमा केली, यावर तिचा विश्वास होता. पण एरंडोलकडची कुणी बाई खाटेवर असली, की ती दारातच थांबे आणि आतून हाक आली तरच जवळ जाई.