आउटपुटला शून्य

तपासणीच्या टेबलावरचे बारापैकी अकरा अ‍ॅम्प्लिफायर-बोर्ड बघून डिझाइनवालीने कपाळाला हात लावला. तीन महिने डोकं खपवून तिने जे कपॅसिटर सर्किटमधून हद्दपार केले होते, ते तपासणीच्या काकांनी बसवून ठेवले होते. तेही तांब्याच्या रेषा कापून, मोठ्या निगुतीने!

"काका, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? आउटपुट कपॅसिटरशिवाय कधी बाहेर काढतात का? म्हटलं, पोरगी घाईत विसरली."

तिचं डोकंच फिरलं. चार वाजता साहेब येणार होते. बोर्ड चपट्या डबीत मावला आणि सुरू करताना स्पीकरमधून 'धप्प' आलं नाही तरच तिचं सर्किट घेणार, नाहीतर जुनंच. आता या लठ्ठ कपॅसिटरांवर झाकण बसणार होतं थोडंच!

काकांनी बाराव्या बोर्डाला मीटर लावला. "हा तर मेलेलाच आहे. आउटपुटला शून्य."

"शून्यच हवंय, काका!" ती जवळजवळ ओरडलीच. "आधी तिथे सप्लायच्या निम्मे व्होल्ट बसायचे, म्हणून ते अडवायला कपॅसिटर. तो भरताना धप्प. आता उणे व्होल्टही आतच तयार होतात, म्हणून टोक शून्यावर राहतं. अडवायचं काय, माझं नशीब?"

काका मीटर बाजूला ठेवून कापलेल्या रेषांकडे बघत बसले. तीस वर्षं त्या धप्पवरूनच त्यांनी बोर्ड जिवंत आहे की नाही ते ओळखलं होतं.

चार वाजता साहेब आले. बारावा बोर्ड डबीत बसला, झाकण लागलं. तिने बटण दाबलं.

"चालू करा ना," साहेब म्हणाले.

"केलंय."

तिने गाणं लावलं. ढोलकीचा खर्ज असा घुमला की टेबलावरचे स्क्रू थरथरले. साहेब खूश झाले. "ठरलं, हेच घ्यायचं. फक्त सुरुवातीला ते धप्प तेवढं ठेवा. लोकांना सवय आहे हो. नाहीतर बिघडलंय म्हणून परत आणतील."

तिला रडावं की हसावं कळेना.

"नाही जमायचं, साहेब," मागून काका म्हणाले. "त्याला कपॅसिटर लागतात. संपलेत ते."

त्यांनी कपॅसिटरांचा भरलेला खोका पायाने हळूच टेबलाखाली सरकवला.