नाक नसलेली नाव

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. काहील म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करायची लोखंडी कढई. आकार एवढा, की चार माणसं माझ्यात बसून जेवतील. माझ्या गुळाचा वास असा सुटायचा, की गोदावरीतले मासे गुऱ्हाळापर्यंत चालत यायचे. तीन तर मी स्वतः मोजलेत.

गुऱ्हाळ बंद पडलं आणि कडूबा नावाच्या मासेमाराने मला तीर्थपुरीखालच्या पाणथळीत होडी म्हणून सोडलं. बारा वर्षं मी जाळी वाहिली, माणसं पैलतीरी नेली. मग त्याने थर्माकोलचा तराफा बांधला आणि मी काठावर पालथी पडले. यंदा त्याच्या बायकोने, बेबीनंदाने, मला भंगारात काढायचं ठरवलं. भंगार म्हणजे जालन्याची भट्टी, आणि भट्टीतून निघतात सळया. मला काही सळई व्हायचं नव्हतं.

मला न्यायला टेम्पो आला, त्याच सकाळी जालन्याच्या एकता मॅडम पक्षी बघायला लालभडक कयाक घेऊन आल्या. कयाक म्हणजे एका माणसाची सडपातळ नाव, नाक सुरीसारखं. ती पाणकणसाच्या उंच गवतातून सुसाट गेली, चक्रवाक उडाले. मग वारा फिरला आणि जलपर्णीचा अख्खा पट्टा येऊन तिच्याभोवती दाटला. कयाक नाक खुपसून बसली. वल्ह्याला मुळ्या गुंडाळल्या. पुढं जाता येईना, मागं येता येईना, उतरावं तर खाली दोन पुरुष पाणी.

कडूबाने तराफा घातला, तोही दहा हातांवर रुतला. कसाबसा परतला तेव्हा मी टेम्पोत चढले होते.

"उतरवा तिला," तो म्हणाला.

मला ना नाक, ना शेपूट. अडकायचं काय? कडूबाने बांबू रेटला की मी गिरकी घेत, जलपर्णी दाबत पुढं सरकायची. वाटेत एक मगर झोपली होती, तिच्या पाठीवरून गेले. कडूबा म्हणतो ओंडका होता. त्याची नजर जरा कमजोर आहे.

"काका, ही तर गोल गोल फिरून राह्यली," मॅडम कयाकमधूनच घाबरून म्हणाल्या.

"फिरत फिरत बराबर जाती, ताई. दोरी धरा."

आम्ही कयाक शेपटाकडून ओढून काढली. काठावर टेम्पोवाल्याने विचारलं, आता चढवायची का?

बेबीनंदा म्हणाली, "न्हाई द्यायची. उद्या अजून कुणी फसलं, मंग काय सळया फेकू का पाण्यात?"

टेम्पो रिकामा गेला.

मित्रांनो, तुमच्या घरामागं माझ्यासारखं कुणी पालथं पडलं असेल, तर त्याला गंज चढू देऊ नका. अधूनमधून तेलाचा हात फिरवा. आणि भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी एकदा त्याला पाण्यात सोडून बघा. बुडालं, तर मग टेम्पो आहेच.