सुकत घातलेला जबडा

एक्स-रेमध्ये खालच्या जबड्याचे नऊ दात दिसत होते. सात उजवीकडे, दोन समोर. डावीकडे दात नव्हते. तिथे टायटॅनियमची एक वाकवलेली प्लेट होती, तिचे आठ स्क्रू होते आणि प्लेटच्या आधाराने बसवलेला, कमरेतून काढलेला सहा सेंटिमीटर लांबीचा हाडाचा तुकडा होता. काळुरामने सगळं बोटाने मोजलं. हे आपल्याच तोंडात आहे, हे त्याला काही केल्या पटत नव्हतं.

"मोजून झालं असेल तर आता आ करा," डॉ. हेमांगी म्हणाल्या.

त्याने आ केला. निदान त्याला तरी तसं वाटलं. डॉक्टरांनी वरच्या-खालच्या दातांच्या मधे मोजपट्टी उभी धरली.

"बारा मिलिमीटर. जबड्याच्या तारा सोडल्या त्या दिवशी चौदा होतं. व्यायाम करता ना?"

काळुरामने बायकोकडे पाहिलं. हौसाने खिडकीकडे.

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर याच डॉक्टरांनी त्याच्या जबड्यातली गाठ काढली होती आणि गेलेल्या हाडाच्या जागी नवं बसवलं होतं. दर शनिवारी त्या रोह्याला, आपल्या माहेरच्या गावी, दवाखान्यात बसत, म्हणून पेणहून तो इथेच दाखवायला येई.

"सांगा की आता," हौसा म्हणाली. "बाई, हे तोंडाला फडका बांधून रोज सकाळी उन्हात बसतात. सुकायला."

"सुकायला?"

काळुराम पेणला गणपतीच्या कारखान्यात जोडकाम करायचा. मूर्तीचा हात निखळला की आत तार, तारेवर काथ्या, वर प्लास्टर. आणि मग पार सुकेपर्यंत कोणी त्याला हात लावायचा नाही. ओल्याला हात लावला म्हणून कारखान्यात पोरं शिव्या खात. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी त्याचे दोन्ही जबडे तारांनी बांधून ठेवले, ते त्याला लगेच कळलं. मग त्यांनीच तारा सोडून सांगितलं, रोज तोंड उघडा. इथे त्याचं डोकं चालेना. कारखान्यात शेजारी बसणारा महिपती म्हणाला, "बाई शिकलेली हाय, पण ओल्या जोडाला हात लावायचा नाय एवढं तिला कोण सांगंल? थंडीचं उशिरा सुकतं. महिनाभर बांधून ठेव." ते त्याला पटलं.

डॉक्टर हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. त्यांनी एक्स-रेवर बोट ठेवलं. "जोड इथे आहे. तो प्लेटने धरलाय. तोंड उघडतं ते कानाजवळच्या सांध्यात. त्या सांध्याला मी हातही लावलेला नाही. तुम्ही चांगला सांधा बांधून आखडवलात."

"पन हलवला तर इकडचा जोड हलंल ना?"

"प्लेट त्यासाठीच आहे."

"आनि कमरेचं हाड तोंडात आलं, तर त्याला कळतं कसं, आता जबडा व्हायचं ते?"

"त्याला काही कळायची गरज नाही. तुम्हाला कळलं तरी पुरे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी काड्यांचा जुडगा दिला. दातांमधे एकावर एक बसतील तेवढ्या घालायच्या, आणि जमेल तशी एकेक वाढवायची. "तीन आठवड्यांनी पंचवीस मिलिमीटर नसेल, तर भूल देऊन जबडा जबरदस्तीने उघडावा लागेल."

भूल काळुरामला माहीत होती. मागच्या वेळी शुद्धीवर आला, तेव्हा हौसा समोर उभी असून त्याला तिचं नाव आठवत नव्हतं. पुन्हा त्या काळोखात जायचं नव्हतं त्याला.

त्याने काड्या घालायला सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी यायचं. कारखान्यात महिपती बघून तोंड फिरवायचा. "मोडून घे. मग माझ्याकडं ये, काथ्या घालून देतो." काळुराम हसायला जाई आणि कळ कानापर्यंत पोचे. डॉक्टरांचं म्हणणं रात्री पटायचं. सकाळी मूर्तीचा ओला हात समोर आला की महिपतीचं.

तिसऱ्या आठवड्यात, एक काडी जास्तीची सरकवताना, आत कट् झालं.

त्याने काड्या थुंकल्या. तोच आवाज. प्लास्टर पुरतं सुकायच्या आधी हललं की येणारा. वीस वर्षं ऐकलेला.

"मोडला गो," तो म्हणाला. "मोडला जोड."

"दुखतंय?"

"नाय. तेच तर कळत नाय."

आता काड्या घालायच्या की फडका बांधायचा? एका हातात काड्या, एका हातात फडका धरून तो तसाच बसून राहिला. शनिवारी रोह्याला जाताना एस.टी.त, गडब गावाजवळच्या खड्ड्यांमधून, हौसाने त्याचा जबडा तळहातावर तोलून धरला होता. "बोलू नका," ती म्हणायची, आणि तो बोलतच नव्हता.

डॉक्टरांनी नवा एक्स-रे काढला, काचेवर लावून पाहिला.

"काही मोडलेलं नाही."

"आवाज आला ना, बाई. मी ऐकला."

"आला असेल. जखमेचा आत आखडलेला व्रण सुटला. हाड जागेवर आहे."

"पन आवाज तर तोच व्हता."

"असेल."

"मग मोडलं कसं नाय?"

"आ करा," डॉक्टर म्हणाल्या, आणि मोजपट्टी उभी धरली.

सत्तावीस मिलिमीटर.