आरोंद्याला निघालेली गाडी

अहो, गाडी किंचाळते म्हणून कोणी सुनेला माहेरी पोचवतं? आमच्या घरानं पोचवायला काढली. आणि सोबतीला कोण? तर मी, मुलाची आत्या! वाटेत नवराबायकोनं भांडू नये म्हणून मला मध्ये घातली मेल्यांनी.

चौसष्ट सालची गोष्ट. माझा भाऊ भिकाजी मालवणला मासेमारी करायचा. वय झालं, अंगात दम उरला नाही, तेव्हा त्यानं होडी विकली आणि कोल्हापुराहून एक जुनी काळी गाडी आणली. मालवण ते कुडाळ भाड्यानं फिरवायची. चालवणार त्याचा मुलगा सहदेव, जो मिसरूड फुटल्यापासून बापाबरोबर होडीच्या सुकाणूवर बसलेला. त्याच सुमारास सहदेवचं लग्न झालं आणि आरोंद्याची जानकी सून म्हणून घरात आली. गोड पोरगी. मासे कापावेत तर तिनंच, एक खवला इकडचा तिकडे पडायचा नाही.

झालं! थोड्याच दिवसांत गाडी ओरडायला लागली. साधं कुरकुरणं नव्हे, लोखंडावर लोखंड घासल्यासारखं, दात आंबवणारं. बाजारात गाडी शिरली की माणसं कानात बोटं घालायची. माझी भावजय पद्मावती, तिनं पहिल्या दिवशीच निकाल दिला. "ही अवदसा घरात इली आणि गाडी बिघाडली."

मी म्हटलं, "गाडी जुनी आसा गो, तुझ्याहून जुनी! बिघाडतली नाय तर काय?"

पण ऐकतंय कोण? देवळात गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला, बोनेटवर लिंबू बांधलं. आवाज वाढला. मग भिकाजीनं अक्कल पाजळली. होडीच्या लाकडाला फासतात ते माशाचं तेल घेऊन गाडीखाली शिरला आणि जिथून आवाज येतो तिथल्या भोकातून अर्धा डबा आत ओतला. सगळा जन्म होडीत गेलेला माणूस, दुसरं करणार काय? आवाज तर थांबला नाहीच, वर गाडीला असा वास सुटला की गिऱ्हाईक दार उघडायचं आणि तसंच बंद करायचं. सगळं खापर पुन्हा जानकीच्या डोक्यावर. शेवटी पद्मावतीनं सांगून टाकलं, "हिका आरोंद्याक सोडून ये. आवाज जाय तवसर थंयच ऱ्हवांदे."

आणि सहदेव? हा बाप्या, एक शब्द बोलला असेल तर शपथ! बायकोची ट्रंक उचलून गाडीत ठेवली.

मी पुढं बसले, सहदेवच्या शेजारी. जानकी मागं, ट्रंकेवर हात ठेवून. रडत नव्हती. रडली असती तर बरं, असा चेहरा होता. कुडाळच्या अलीकडच्या चढाला गाडीनं मान टाकली. इंजिन जोरात घुमतंय, चाकं जागची हलत नाहीत. रस्त्यावरच्या माणसांनी ढकलत ढकलत तिठ्यावर गंगाराम मिस्त्रीच्या पडवीत नेऊन लावली.

गंगाराम म्हणजे आधीच वैतागलेला माणूस. वास घेतला आणि म्हणाला, "गाडी हाडलास की बांगड्याचो टोपलो?" मग विचारलं, "आवाज केव्हा येता?"

सहदेव म्हणाला, "जानकी इल्यापासून."

गंगारामनं हातातला पाना खाली ठेवला. "मी कधीपासून नाय इचारूक. केव्हा येता? क्लच दाबल्यार, की सोडल्यार?"

काय सांगणार? इतके दिवस सगळं घर त्या आवाजानं पेटलं होतं आणि एकानंही नीट ऐकला नव्हता. मीसुद्धा भांडत बसले होते, ऐकलं कुठं होतं?

गंगारामनं इंजिन चालू केलं, स्वतः बसला. क्लचचा पेडल दाबला, गाडी किंचाळली. पाय उचलला, आवाज बंद. पुन्हा दाबला, पुन्हा किंचाळली. इतकं सोपं! पोरानंही ओळखलं असतं. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला.

गिअरबॉक्स खाली उतरवायला दुपार गेली. आतून माशाचं तेल गळत होतं. त्या तेलानं क्लचची चकती बुळबुळीत झाली होती, म्हणून चढावर ती नुसती निसटत होती आणि चाकं फिरत नव्हती. गंगारामनं ती पेट्रोलनं धुतली. मग त्यानं आम्हाला एक कार्बनची कडी दाखवली. पेडल दाबला की हीच पुढं जाऊन घासते. झिजून पार संपलेली, आतलं लोखंड उघडं पडलेलं. "ही पाय दाबलो तरच झिजता," तो म्हणाला. "इतकी झिजली म्हणजे चलवणारो पेडलावरसून पाय काढीतच नाय."

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आलं. मालवणपासून मी त्याच्या शेजारी बसले होते, आणि सबंध वाटभर त्याचा डावा पाय पेडलावरच होता. अहो, होडीत तसंच बसतात! सुकाणू हातात आणि शिडाचा दोर पायाखाली दाबलेला. भिकाजीनं त्याला वर्षानुवर्षं ओरडून ओरडून शिकवलं होतं, दोरावरचा पाय काढलास तर शीड गेलंच म्हणून समज. पोरानं तेच गाडीत केलं.

"शिडाचो दोर समाजलंस काय रे?" मी ओरडले. "गाडी तुया खाल्लंस आणि नाव हिचा!"

सहदेव मान खाली घालून पायाकडंच बघत राहिला.

गंगारामनं एका मोडक्या गाडीतनं काढून ठेवलेली कडी बसवली, सगळं जोडलं. सहदेवनं इंजिन चालू करून पेडल दाबला. आवाज नाही! त्याचा चेहरा असा फुलला, जसा पहिली मोठी सुरमई हाताला लागल्यावर फुलला होता. उतरून तो जानकीकडं गेला. ती पडवीच्या कडेला ट्रंकेवर बसली होती.

"चल," तो म्हणाला, "आवाज गेलो. घराक जावया."

जानकीनं वर बघितलं. "आणि आवाज गेलो नसतो तर?"

गंगाराम पाने पुसायच्या निमित्तानं आत गेला. मला कोण राग आला होता, पण त्या पोरीनं एका वाक्यात विचारलं ते मला दिवसभर बोंबलूनही जमलं नव्हतं.

तिनं स्वतःच ट्रंक उचलून गाडीत ठेवली आणि मागं बसली. सहदेवनं गाडी तिठ्यावर आणली आणि क्लच दाबून थांबला. एका हाताला मालवण, दुसऱ्या हाताला सावंतवाडी आणि त्याच वाटेनं पुढं आरोंदा.

"आरोंद्याक," जानकी म्हणाली. "आणि तुमच्या आईक सांगा, माका न्हेवचा आसल तर तेंनी स्वतः येवक होया. ह्याच गाडीत बसान."

सहदेवनं माझ्याकडं बघितलं. वाटलं असेल, आत्या मध्ये पडेल, समजूत घालेल. त्यासाठीच तर मला आणली होती!

"माझ्याकडे काय बघतंस रे?" मी म्हटलं. "क्लच सोड."