मास्तरांच्या मरणाला तीनशे फूट

‘मधली वेस’ या नाटकाचा चित्रपट झाला नाही. हे वाक्य वाचलंच नाही असं कृपया धरावं. चित्रपट होत होता, आणि उत्तम होत होता.

साल चव्वेचाळीस. नाटक माझ्याहून वयानं मोठं. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत जिथं गॅसबत्ती पोचली तिथं ते झालेलं. कोल्हापूरच्या एका डायरेक्टरांनी त्याचा चित्रपट करायला घेतला आणि लिहायला मला, म्हणजे सिद्धूला, बोलावलं. माझी पात्रता एवढीच, की सात वर्षं विंगेत बसून मी प्रॉम्प्टिंग केलं होतं.

नाटकात फारसं काही घडत नाही. गावचे म्हातारे मास्तर वेशीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात आणि तिसऱ्या अंकात बसल्या जागी मरतात. हे काम सव्वीस वर्षं नाथाजी करत. त्यांचं मरण इतकं सुरेख, की आमच्याकडे त्याला वन्समोअर पडायचा. मग नाथाजी उठायचे, धोतर झटकायचे आणि पुन्हा मरायचे. विट्याला एकदा चार वेळा मेले. नंतर आठ दिवस गुडघे शेकत बसले.

लढाईमुळे रॉकेल रेशनवर गेलं आणि प्रयोग थांबले. बासष्टीच्या नाथाजींना आता एकच हवं होतं : आपलं मरण कुठंतरी टिकून राहावं.

फिल्मही रेशनवरच. शेवटच्या प्रवेशाला तीनशे फूट उरली, म्हणजे जेमतेम तीन मिनिटं. “मरण एकदाच,” डायरेक्टर म्हणाले.

आदल्या दिवशी नाथाजींनी मला घरी बोलावलं.

“सिद्धू, नाटकात मेलो की लोकं उठिवत्यात. सिनेमात कोन उठिवनार रं?”

“कुणी नाही. पण तुम्ही कायमचे राहाल.”

“मेलेलाच न्हवं?”

मी पटकथेची पानं चाळू लागलो.

त्यांच्या पत्नी हरणाबाई तांदूळ निवडत होत्या. नवऱ्याचं मरण बघवत नाही म्हणून त्या सव्वीस वर्षं तिसऱ्या अंकाला बाहेर जाऊन बसत. “आवं, मरा की एक डाव मुकाट्यानं,” त्या म्हणाल्या. “उद्या बघाय येनार हाय मी.”

दुसऱ्या दिवशी तासगावात, वेशीपाशी कॅमेरा लागला. मास्तरांभोवती बसायला गावचीच माणसं घेतली होती. ती कॅमेऱ्याकडे बघून ताठ बसली, फोटो काढायला बसावं तशी. मी पुढं झालो आणि म्हणालो, “नाटकाला बसता तसे बसा.”

सगळे सैल झाले. डायरेक्टरांनी माझी पाठ थोपटली.

नाथाजी बोलत बोलत थांबले. रस्त्याकडे कुणी येतंय का बघितलं. उजवा हात गुडघ्यावरून घसरू लागला. मी सात वर्षं हे पाहिलं होतं, पण इतकं हळू कधीच नाही. हात अजून जमिनीला लागायचा होता, तेवढ्यात बसलेल्यांतला धुळा मेंढक्या ओरडला, “वन्समोअर!” मागोमाग सगळी वेस ओरडली.

“उठू नका! नाथाजी, उठू नका!” डायरेक्टर किंचाळले.

नाथाजी उठले. लोकांना हात जोडले, धोतर झटकलं आणि पुन्हा मरायला बसले.

दुसरं मरण पहिल्याहून चांगलं झालं. कॅमेऱ्यात तेव्हा फिल्म उरली नव्हती. हे आम्हां तिघा-चौघांना ठाऊक होतं, पण त्यांना थांबवायची कुणाची छाती झाली नाही. कॅमेरावाला डोळा लावून तसाच उभा राहिला.

हे कळल्यावर नाथाजींनी पुन्हा एकदा धोतर झटकलं. मग म्हणाले, “लोकांनी बोलिवलं. न्हाई कसं म्हनू?”

“सव्वीस वर्सं मरताय,” हरणाबाई डोळे पुसत म्हणाल्या, “आन् येक डाव धड मरता येईना व्हय?”

ते सवयीनं उठले की भीतीनं, हे मी विचारलं नाही. चूक माझ्या वाक्याची होती, म्हणून अर्जही मीच लिहिला :

“कच्ची फिल्म वाटप खात्याचे मेहेरबान साहेब यांसी. अर्जदार नाथाजी, धंदा नट, यांस आणखी एक वेळ समाधानकारक रीतीने मरण्याकरिता तीनशे फूट फिल्म मंजूर व्हावी. लढाईमुळे विलंब होणार असल्यास, फिल्म हाती पडेपर्यंत अर्जदाराचे वय आहे तेथेच थांबवून ठेवण्याविषयी संबंधित खात्यास हुकूम व्हावा, ही विनंती.”