आत्मारामचं हरणं

चंद्रभान सरांनी बोईसरला आत्मारामच्या चिकूवाडीतली खोली भाड्याने घेतली, तेव्हा आमच्या आळीला वाटलं, तारापूरला अणुवीजघराचं काम चाललंय, तिथले साहेब असतील. निघाले मुंबईच्या कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक, वर्षभराच्या रजेवर. बायको नाही, पोर नाही, पोस्टमनलाही त्यांचं दार ठाऊक नाही. सामान म्हणजे पोतंभर रिकाम्या काड्यापेट्या.

"विड्यांचं दुकान काढता काय?" आत्मारामने विचारलं.

"यंत्र करतोय. शिकणारं."

या यंत्राला वीज लागत नव्हती, चिंचोके लागत. फुल्ली-गोळ्याच्या प्रत्येक मांडणीला एक पेटी, पेटीत रंगवलेले चिंचोके, प्रत्येक रंगाला पटावरचं एक घर. डोळे मिटून हाती येईल तो रंग, ती यंत्राची खेळी. यंत्र जिंकलं की त्या त्या पेटीत त्याच रंगाचा चिंचोका वाढवायचा, हरलं की काढून घ्यायचा. मार खातखात ते आपसूक शहाणं होतं, हे सरांना रजा संपताच मुंबईच्या विद्वानांपुढे दाखवायचं होतं. परदेशात कुणी केलंय म्हणे. इथे सरच पहिले.

पण समोर खेळायला माणूस हवा. आत्माराम रोज संध्याकाळी ओट्यावर येऊ लागला. चहा व्हायचा, वाडीच्या गप्पा व्हायच्या, आत्माराम हरायचा. "हुशार हाय तुमचं पोर!" म्हणायचा. सर लाजायचे. तेवढं बघायला आम्हीही कुंपणाशी रेंगाळायचो. पेट्या भरत चालल्या.

एकदा आत्मारामची बायको जयवंती त्याला बोलवायला आली आणि डाव बघून हसत सुटली. "घरात पोरांना एक डाव सोडत नाय, आणि हितं बरं पडतं घेता!"

"गप गं."

"गप कशाला? सर, तुमी एकटे असता ना, म्हणून हरतात हो हे."

सरांच्या बोटांतला चिंचोका बोटांतच राहिला. समोरचा भला असेल तर कसं जिंकावं, एवढंच यंत्र शिकलं होतं.

"आत्माराम, खरं खेळा."

"तुमचा चहा पिऊन तुमालाच हरवू? आमच्यात नाय करत तसं."

"खेळा."

आत्माराम मान खाली घालून खेळला. तो जिंकत गेला, सर चिंचोके काढत गेले. पुढ्यातला चहा निवला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, त्यानंतरही नाही.

सर मग दोन्ही बाजूंनी एकटेच खेळू लागले. यंत्र आता खरोखर सुधारत होतं. विद्वानांची भीती उरली नव्हती. चहाचं माप मात्र सरांना बदलता येईना. उरलेला शेवग्याच्या मुळाशी जायचा.

शेवटी एका संध्याकाळी ते कुंपणापाशी गेले. आत्माराम शिडीवर चढून चिकू उतरवत होता.

"या ना आज. कसेही खेळा. हरलात तरी चालेल."

आत्माराम वरूनच म्हणाला, "आता हरलो तर तुमाला कळंल ना, सर."

आत्माराम खाली उतरला, टोपलीतले मऊ झालेले चिकू निवडून सरांच्या ओंजळीत दिले आणि पुन्हा शिडी चढला.