होकाराच्या आधी

आमचा कारखाना स्प्रिंगांचा. कारखाना आपलं म्हणायचं म्हणून. पत्र्याच्या छपराखाली चार यंत्रं, एक मिस्त्री, त्याच्या हाताखाली पाच माणसं आणि पुढच्या खोलीत दोन टेबलं. एक वहिनींचं, एक माझं. भाऊ गेल्यावर वहिनींनी कारखाना बंद पडू दिला नाही आणि मी त्यांची कागदपत्रं सांभाळू लागलो. त्याआधी मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. त्यामुळे चुकलेला आकडा मला चटकन दिसतो. बाकी व्यवहारातलं मला फार कळतं असं नाही.

आमचं निम्म्याहून जास्त काम एकाच गिऱ्हाइकाचं होतं. ती कंपनी दवाखान्यांसाठी खाटा बनवते, डोक्याकडची बाजू वर-खाली होणाऱ्या. त्या खाटांना आठ मापांच्या स्प्रिंगा लागतात. एकोणीस वर्षं त्यांची मागणी कागदावर येत होती; आधी टपालानं, मग फॅक्सनं. एके दिवशी पत्र आलं, की येत्या तिमाहीपासून पुरवठादारांशी सगळी देवाणघेवाण संगणकामार्फत होईल. आमचा संगणक आणि त्यांचा संगणक परस्पर बोलतील. त्यासाठी दोन्हीकडच्या कामाची एक आकृती काढली जाईल आणि तिच्याबरहुकूम चाचणी होईल. चाचणीला दोन संधी. दोन्हींत नापास झालेला पुरवठादार यादीतून कमी.

वहिनींनी पत्र वाचून माझ्या टेबलावर ठेवलं.

"भाऊजी, हे काम गेलं तर दोन यंत्रं विकावी लागतील. आणि मागच्या पाचांतल्या तिघांना घरी पाठवावं लागेल."

"मग काय करायचं?"

"करायचं काय, त्यांचं माणूस येईल त्याला नीट सांगायचं. जसं होतं तसं. पुस्तकातलं नका सांगू."

आकृती काढायला कंपनीनं एक तरुण बाई पाठवल्या. त्यांनी आल्याआल्या आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथे टेबलाएवढा पांढरा कागद चिकटवला आणि मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे कंपनी, उजवीकडे आम्ही. प्रत्येक कामाला एक चौकोन, आणि इकडून तिकडे जाणाऱ्या प्रत्येक निरोपाला एक बाण. मिस्त्रीनं दुपारपर्यंत त्यांचं नाव बाणवाल्या मॅडम ठेवलं होतं.

"काका, मागणी आली. पुढे तुम्ही काय करता?"

"मिस्त्रीला विचारतो."

"ते काय म्हणतात?"

"हो म्हणतो."

"लगेच?"

"आधी कुरकुरतो. मग हो म्हणतो."

"कुरकुरीला आमच्याकडे चौकोन नाही," त्या हसल्या. "बरं, ते हो म्हणाले. मग?"

"मग मी कंपनीला होकार कळवतो."

"होकार गेलाच नाही, असं कधी झालंय?"

"नाही," मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. एकोणीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

त्यांनी हेच प्रश्न कंपनीच्या खरेदी विभागातही विचारले होते. तिथला माणूसही असं कधी झालं नाही म्हणाला. तेव्हा आकृतीत पाच बाण झाले. मागणी आमच्याकडे येणार. ती मिळाल्याची पोच आमचा संगणक आपण होऊन पाठवणार. मग आमचा होकार, मग माल निघाल्याची सूचना, शेवटी त्यांच्याकडून माल मिळाल्याची खबर. मागणीनंतर चोवीस तासांत होकार गेला नाही तर तो नकार समजला जाणार. आकृती इतकी स्वच्छ होती, की मला तिच्यातला खालच्या कोपऱ्यातला क्रमांकही पुन्हा पुन्हा वाचावासा वाटला. मी तिच्यावर सही केली.

एक गोष्ट मी सांगितली नव्हती. लपवली नव्हती, ती कामात मोडते हेच मला माहीत नव्हतं.

मागणी आली की त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला कंपनीतून फोन यायचा. फोन करणारे गृहस्थ खरेदी विभागातले. आम्ही त्यांना खरेदीवाले म्हणायचो. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बोलण्याची सुरुवात त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यापासून व्हायची. मग सध्या काय वाचताय, ते जमलंय का, शेवट पटला का. त्यांना जाड पुस्तकं आवडायची आणि मला बारीक, त्यामुळे मतभेदाला वाव असायचा. पाव तास झाला की ते म्हणायचे, "बरं, या खेपेला तीन आणि सात नंबर आधी पाठवा. बाकीच्याची घाई नाही." मी फोन ठेवायचो आणि वहिनी मान वर न करता विचारायच्या, "संपलं का संमेलन?"

त्यामुळे तो फोन माझ्या लेखी कामचुकारपणाचा होता. बाणवाल्या बाईंसमोर, तेही वहिनी ऐकत असताना, तो कशाला काढा?

पहिली चाचणी सोमवारी झाली. सकाळी दहाला पडद्यावर मागणी उमटली: आठही मापं, सगळी गुरुवारी. त्यांची मागणी नेहमी अशीच यायची. पोच आपली आपण गेली. मी यंत्रांकडे गेलो.

"आधी कुठलं?" मिस्त्रीनं विचारलं.

"सगळंच गुरुवारी लिहिलंय."

"लिहिणाऱ्याच्या काय बापाचं जातंय? माझ्याकडं यंत्रं चार. गुरुवारपर्यंत चार मापं होतील. आधी कुठलं ते आणा, मग हो म्हणतो."

हे तो दर वेळी म्हणायचा. मी दर वेळच्यासारखाच परत येऊन टेबलाशी बसलो, दुसरं काम काढलं. तीन वाजले, चार वाजले. वहिनी मालासाठी तार आणायला बाहेर गेल्या होत्या. मला अधूनमधून काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं, पण काय ते कळेना. मी आकृती पाहिली. तिच्यात मिस्त्रीला विचारा असा चौकोन होता, आणि मी विचारलं होतं. पुढच्या चौकोनात जायला मला मिस्त्रीचा होकार हवा होता, आणि तो नव्हता. पाचला मी कुलूप लावून घरी गेलो. मंगळवारी सकाळी दहा वाजून एक मिनिटानं पडद्यावर अक्षरं आली: नकार गृहीत.

वहिनींनी ती वाचली.

"भाऊजी, तुम्ही नाही म्हणालात?"

"नाही. मी काहीच म्हणालो नाही."

"तेच तर," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाणवाल्या बाई दुपारी आल्या. त्यांनी मला काही न विचारता मिस्त्रीला गाठलं. मिस्त्री यंत्र न थांबवता म्हणाला, "मला काय विचारता मॅडम, फोन झाला की हे येऊन सांगतात आधी कुठलं. काल परत आलेच नाहीत."

"कुठला फोन?"

मिस्त्रीनं माझ्याकडे बोट केलं. मग मला सांगावं लागलं, गुडघ्यासकट.

त्या भिंतीवरच्या कागदासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "म्हणजे काका, तुम्ही मागणी आल्यावर काम सुरू करत नव्हता. फोन आल्यावर सुरू करत होता. आणि चाचणीत सगळं संगणकावरच करायचं, म्हणून काल तो आलाच नाही."

मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

"उद्या कंपनीत बैठक आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं या. तिथे सांगा. पण एक लक्षात घ्या. खरेदीतल्या माणसानं मागणीत लिहिलंय त्यापेक्षा जास्त काही एखाद्याच पुरवठादाराला कळवायचं नाही, असा तिथे नियम आहे. मोडला तर त्याची चौकशी होते. आणि तो पुरवठादार यादीतून जातो."

"दुसरी संधी?"

"मग तिची गरजच उरत नाही."

संध्याकाळी कुलूप लावून आम्ही घरी निघालो. कोपऱ्यावर वहिनी म्हणाल्या, "एवढी वर्षं मी त्याला संमेलन म्हणत होते."

बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि खुर्च्या इतक्या मऊ होत्या, की माणूस आपोआप मागे झुकायचा. विभागाचे मोठे साहेब, बाणवाल्या बाई, आणि त्यांच्या पलीकडे एक उंच, वाळका माणूस. काठी खुर्चीला टेकवून ठेवलेली. त्यांनी नमस्कार केला तेव्हा आवाजावरून मला कळलं, हेच खरेदीवाले. मी त्यांना नेहमी बुटकं आणि गोल कल्पिलं होतं.

साहेबांसमोर एक छापील यादी होती. "तुमच्या टेबलावरून यांच्या कारखान्यात गेलेले फोन," ते खरेदीवाल्यांना म्हणाले. "दर मागणीच्या दिवशी एक. पंधरा मिनिटं, सतरा मिनिटं, हा तर बावीस. कशासाठी?"

खरेदीवाले टेबलाकडे पाहत राहिले. खरं सांगितलं तर ते जाणार आणि आम्हीही जाणार. खोटं त्यांना जमत नसावं. मलाही जमत नाही, पण मुद्रितं तपासताना एक सवय लागते: वाक्य तेच ठेवून त्यातला कर्ता बदलून पाहायची.

"विचारणा माझी असायची," मी म्हणालो. माझा आवाज मला फार लहान वाटला, म्हणून मी पुन्हा म्हणालो. "कुठली मापं आधी हवीत, हे मी विचारायचो. चार यंत्रांवर आठ मापं बसत नाहीत. विचारायला मनाई आहे का?"

साहेबांनी बाणवाल्या बाईंकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "पुरवठादारानं विचारलं तर उत्तर देता येतं. कुणीही विचारू शकतो, म्हणून."

"पण फोन तर इथून गेलेत," साहेब यादीवर बोट ठेवत म्हणाले. "तुम्ही विचारत होता तर तुमचा यायला हवा."

याचा मी विचारच केला नव्हता.

"मिस्ड कॉल द्यायचे हो ते," वहिनी म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"आमच्या फोनवर माझी नजर असते. भाऊजी पुस्तकावर बोलायला लागले की दिवस संपतो. मी ओरडते म्हणून हे दोनदा घंटी वाजवून ठेवून द्यायचे, आणि हे सज्जन गृहस्थ उलटा फोन करायचे. आता तुमच्याच फोनवर बोलणं झालं, तर ती चूक माझी. कंजूषपणा म्हणा हवं तर."

"एकोणीस वर्षं मिस्ड कॉल?"

"आमच्याकडे यंत्रंसुद्धा बदलली नाहीत, सवयी कुठून बदलणार?"

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी यादी उलटी करून ठेवली. मग खरेदीवाल्यांना विचारलं, "असंच होतं?"

खरेदीवाल्यांनी काठी हातात घेतली. "हे विचारायचे," ते म्हणाले, "आणि मी सांगायचो."

बाणवाल्या बाईंनी तिथेच आकृती उघडली. होकाराच्या आधी एक चौकोन वाढवला आणि दोन बाण: आमच्याकडून त्यांच्याकडे विचारणा, त्यांच्याकडून आमच्याकडे उत्तर. उत्तर लेखी, सगळ्यांना दिसेल असं. साहेबांनी सही केली. दुसरी चाचणी पुढच्या सोमवारी ठरली.

जिन्यात बाणवाल्या बाई माझ्याबरोबर उतरल्या. वहिनी पुढे गेल्या होत्या.

"काका, तो विचारणेचा बाण मी उलटा काढलाय ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"राहू दे. माणसं सांगतात तशी मी आकृती काढते. सोमवारपासून तुम्ही तसं वागलात की ती बरोबर होईल."

सोमवारी दहाला मागणी आली. आठ मापं, सगळी गुरुवारी. मी विचारणेचा तक्ता उघडला आणि लिहायला बसलो. त्या माणसाला मी आजवर काही विचारलं नव्हतं. मला विचारावं लागायच्या आतच ते सांगायचे. पहिल्या मसुद्यात मी तसदीबद्दल क्षमा मागितली. दुसऱ्यात त्यांच्या सवडीनं कळवावं असं लिहिलं. तिसरा लांबला. वहिनी मागे येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी, प्रश्न विचारताय की नोकरीचा अर्ज करताय? आठांतली कुठली चार आधी, संपलं."

मी ते शब्द लिहिले आणि पाठवले. मग पडद्यासमोरून हललो नाही. मिस्त्री दोनदा दारात येऊन गेला, दुसऱ्या खेपेला म्हणाला, "बघत बसलं की लवकर येतं का?"

अकराव्या मिनिटाला उत्तर आलं. तीन, सात, एक, पाच. उरलेली पुढच्या सोमवारी चालतील. खाली शेऱ्यासाठी एक रिकामी जागा होती, ती रिकामीच होती.

मी यंत्रांकडे जाऊन आकडे सांगितले. मिस्त्री पाच नंबरवरून कुरकुरला, त्याची तार जाड असते म्हणून. मग हो म्हणाला. पावणेअकराला होकार गेला. गुरुवारी माल निघाला आणि शुक्रवारी दुपारी शेवटचा बाणही आला, माल मिळाल्याची खबर, आणि त्याच्यामागून दोन ओळींचं पत्र, की आमचं नाव यादीत कायम आहे. वहिनींनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, मागच्या तिघांना ऐकू जाईल इतकं.

आता मागणी आली की मी विचारतो, आणि दहा-अकरा मिनिटांत उत्तर येतं. तीनला फोन येत नाही. मी एकदा खरेदीवाल्यांच्या घरी जाऊन यावं म्हणत होतो. पण पुरवठादारानं खरेदीतल्या माणसाच्या घरी जाऊ नये, हाही नियम कंपनीच्या नियमांच्या त्याच पानावर आहे. बाणवाल्या बाईंनीच तो मला दाखवला. त्यांच्याकडूनच कळलं, की खरेदीवाल्यांना निवृत्त व्हायला अजून दीड वर्ष आहे.

मी हे वहिनींना सांगितलं.

"दीड वर्ष म्हणजे काही फार नाही," त्या म्हणाल्या. "तोवर एखादं जाड पुस्तक वाचून ठेवा. त्यांच्यासमोर बसून बोलायचंय, नुसतं हं हं करून भागायचं नाही."